परभूमींतील सेतु आणि शहागडकडील नळवाट

शहागड हें गोदावरीच्या उत्तर तीरावरील गांव. नदीचें पाणी नळानें आंतल्या शिवारांत न्यावयाचें तर वाट परक्याच्या शेतांतून काढावी लागते, व तंटा तेथेंच उपजतो. तो नवा नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या सीमाविवादप्रकरणांत, बाध अल्प व कल्याण मोठें असा सेतु, म्हणजे खोदीव पाट किंवा बांध, परभूमींत झाला तरी निषेधूं नये असें सांगितलें आहे. पण लगेच पुढें, स्वाम्यास न कळवितां घातलेल्या सेतूचा भोग स्वाम्याकडेच जातो असेंहि बजाविलें आहे. पाणी नेणारे पहिल्या वचनाचाच आधार घेतात.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचें ४९ वें कलम याच मार्गानें जातें: समजूत न झाल्यास तहसीलदाराकडे अर्ज, शक्यतों जवळची वाट, नळ निदान अर्धा मीटर खोल, आणि नुकसानीची भरपाई. खनिज तेलाच्या नळांस १९६२ चा निराळा कायदा आहे. त्यांत आक्षेपास २१ दिवस मिळतात. मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या शेंकडा १०, नुकसान वेगळें. मालकी राहते, परंतु त्या पट्ट्यांत घर, विहीर वा झाड करतां येत नाहीं. आमच्याकडे करार वाचावयास आणणारे आधीं रकमेचा आंकडा दाखवितात. आम्ही आधीं विहिरीची जागा विचारतों.