साखळ्यांची तपासणी, उचलकामातील
कारखाने, गोद्या, ओतशाळा इ. ठिकाणी यंत्रे व अवजड माल उचलण्यासाठी किंवा अधांतरी धरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साखळ्या, कड्या व आकडे यांची ठराविक मुदतीने जाणकार व्यक्तीकडून केली जाणारी परीक्षा. दोरखंडाचे पेड एकामागून एक तुटतात व धोक्याची पूर्वसूचना मिळू शकते. एकसरी साखळीत मात्र एक कडी तुटली की सर्व भार एकदम खाली येतो. त्यामुळे कमजोर कडी आधीच हुडकणे हे या नियमांचे मूळ प्रयोजन होय.

साखळीच्या सक्तीच्या परीक्षेचा आरंभ जहाजांपासून झाला. ब्रिटिश नौदलातील अधिकारी सॅम्युएल ब्राउन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी नांगरासाठी दोरखंडाऐवजी लोखंडी साखळी प्रचारात आणली. अशा साखळ्या ताण देऊन तपासल्याखेरीज विकू नयेत, असा कायदा ब्रिटनमध्ये १८६४ साली झाला. कारखान्यांतील साखळ्या मात्र त्याच्या कक्षेबाहेर होत्या.

त्या काळच्या साखळ्या घडीव लोखंडाच्या असत. वारंवार बसणाऱ्या हिसक्यांनी व आघातांनी कड्यांचा पृष्ठभाग कठीण व ठिसूळ होतो आणि वरून धडधाकट दिसणारी कडी अचानक तुटते. हा दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नसल्याने साखळी तापवून सावकाश थंड करण्याची, म्हणजे अनुशीतनाची, प्रक्रिया आवश्यक मानली गेली. गोदी कामगारांच्या अपघातनिवारणासंबंधीच्या १९३२ च्या आंतरराष्ट्रीय संकेतात तिचा समावेश होता. ब्रिटनच्या १९३७ च्या कारखाना अधिनियमाने दर सहा महिन्यांनी तपासणी व दर चौदा महिन्यांनी अनुशीतन सक्तीचे केले. अर्धा इंच वा त्याहून बारीक गजाच्या, तसेच वितळलेल्या धातूच्या कामातील साखळ्यांसाठी अनुशीतनाची मुदत सहा महिनेच होती.

पुढे उष्णतासंस्कारित मिश्र पोलादाच्या साखळ्या प्रचारात आल्या आणि हाच नियम घातक ठरण्याची वेळ आली. कारण या पोलादाचे बल उष्णतासंस्कारातूनच आलेले असते व अनुशीतनाने ते नष्ट होते. कायद्यात मुख्य निरीक्षकाला सूट देण्याचा अधिकार असल्याने यातून मार्ग निघाला. ब्रिटनमधील १९९८ च्या विनियमांत उचलसामग्रीच्या सहामाही तपासणीचे तत्त्व टिकले. घडीव लोखंडासाठी घातलेली अनुशीतनाची सक्ती मात्र राहिली नाही.

भारताने १९३२ चा संकेत १९४७ मध्ये मान्य केला. त्यास अनुसरून केलेला १९३४ चा भारतीय गोदी कामगार अधिनियम १९४८ मध्ये अंमलात आला व मुंबईसारख्या बंदरांतील उचलसामग्री कायद्याच्या कक्षेत आली. त्याची जागा पुढे १९८६ च्या अधिनियमाने घेतली. कारखान्यांसाठी १९४८ च्या कारखाना अधिनियमातील २९ वे कलम होते. त्यानुसार साखळी निर्दोष व पुरेशा बळाची असणे, बारा महिन्यांतून किमान एकदा तिची सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी होणे, तिच्यावर सुरक्षित कार्यभार व ओळखचिन्ह असणे आणि या सर्वांची नोंदवही ठेवणे आवश्यक होते. ‘सक्षम व्यक्ती’ची व्याख्या १९८७ च्या दुरुस्तीने अधिनियमात आली. २०२० मध्ये संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हे दोन्ही अधिनियम अन्य कामगार कायद्यांसह एकत्रित करण्यात आले.

तपासणीपूर्वी साखळी स्वच्छ करतात. नंतर प्रत्येक कडी पाहून चीर, खाच, वाक, पीळ व गंज यांचा शोध घेतात. लगतच्या कड्या जेथे एकमेकींवर घासतात, तेथील जाडी मोजतात. ती मूळ जाडीच्या नऊ-दशांशाहून कमी भरल्यास साखळी सामान्यतः बाद करतात. साखळीची वाढलेली लांबी हे अतिभाराचे लक्षण असू शकते. दोन पदरांनी भार उचलताना पदरांमधील कोन १२० अंश झाल्यास प्रत्येक पदरावर संपूर्ण भाराइतका ताण येतो. त्यामुळे निर्दोष साखळीही चुकीच्या बांधणीने तुटू शकते. मुदतीच्या तपासणीत हा धोका उघड होत नाही. म्हणून प्रत्येक वापरापूर्वी कामगाराने साखळी व तिची बांधणी पाहणे आणि शंका आल्यास काम थांबविण्याची त्यास मुभा असणे, हे तपासणीइतकेच महत्त्वाचे आहे.