गचके कुणी खायचे?

मराठीत धक्क्याला शब्दांची कमी नाही. गचका, हिसका, दणका, हादरा, आदळआपट. प्रत्येकाची जात वेगळी. एसटीच्या मागच्या सीटवर बसतो तो दणका. बैल अचानक थांबले की बसतो तो हिसका. आणि उसाच्या फडातून रस्त्याला लागेपर्यंत जे चालूच राहतात ते गचके. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पुस्तकात या सगळ्यांना मिळून एकच शब्द होता, शॉक. आमच्या कागलच्या गॅरेजात त्यावरच्या उपायाला 'शॉकअप' म्हणतात, आणि मला तोच शब्द बरा वाटतो.

माझी डिग्री मेकॅनिकलची, पोट मात्र कोडवर चालतं. तरी क्वाड बाइक, म्हणजे चार जाड टायरांची, हँडलवाली, माती-चिखलात पळवायची गाडी, हा नाद सुटलेला नाही. तिच्या मागच्या सस्पेन्शनबद्दल वाचायला लागलो आणि पोचलो भलतीकडेच. स्प्रिंग, दांडे आणि तेल यांचा हा इतिहास खरं तर एका प्रश्नाचा इतिहास आहे: रस्ता जो मार देतो, तो कुणी खायचा?

आस, धाव आणि खडखडा

जुन्या बैलगाडीत स्प्रिंग नावाची गोष्टच नव्हती. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, मधे आस, आसावर थेट साटी. चाकाखाली दगड आला की चाक उचललं जाणार, त्याबरोबर आस, साटी, माल आणि माणूस. गचक्याचे वाटेकरी तीन: बैलाची मान, गाडीवानाची कंबर आणि खालची माती. वर्षानुवर्षं एकाच जागी चाकं जाऊन माती दबायची आणि चाकोरी तयार व्हायची. आज आपण 'चाकोरीबद्ध' हा शब्द टोमण्यासारखा वापरतो, पण गाडीवानाला चाकोरी म्हणजे त्यातल्या त्यात कमी आदळणारी वाट होती.

युरोपात श्रीमंतांच्या बग्ग्यांना स्प्रिंग आधी मिळाली. १८०४ मध्ये लंडनच्या ओबाडाया इलियटने लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगची रचना आणली. पोलादाच्या पट्ट्या एकावर एक, दोन कमानी समोरासमोर. तेच पाटे पुढे आपल्याकडच्या बग्ग्यांना आणि टांग्यांना आले, आजही ट्रकखाली आहेत. बैलगाडीला मात्र कुणी पाटे लावले नाहीत. माल तक्रार करत नाही, बैलाला बोलता येत नाही, आणि गाडीवानाचं ऐकतो कोण?

कागलचं नाव घेतलं की घाटगे घराणं आणि त्या घराण्यातून १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले शाहू महाराज आठवतात. त्यांच्या आठवणींत 'खडखडा' वारंवार येतो. घोड्यांना गाडीची सवय लावायची ती दणकट गाडी. तिचा आवाज तिच्या नावातच आहे. हौसेने गचके खाणारे राजे थोडे. बाकीच्यांना ते खावेच लागत.

पुढची मोठी सुधारणा केली जनावरांच्या डॉक्टरने. जॉन बॉइड डनलप बेलफास्टमध्ये पशुवैद्य होता. १८८८ मध्ये त्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेला टायर बनवला. काही दशकांनी हा टायर आपल्या बैलगाडीलाही लागला आणि साखर कारखान्याच्या रांगेत टायरगाड्या दिसायला लागल्या. गाडीला स्प्रिंग अजूनही नव्हतीच, पण गचका खाणारा चौथा वाटेकरी मिळाला: हवा.

हवेवर चालणारी तीन चाकं

नेमक्या याच युक्तीवर क्वाडचा वंश सुरू होतो. अमेरिकेत हिवाळ्यात मोटरसायकली खपत नसत. त्या दिवसांत विकायला काहीतरी द्या, असं तिथल्या विक्रेत्यांनी होंडाला सांगितलं. ओसामू ताकेउची या इंजिनिअरने बर्फ, वाळू, चिखल सगळीकडे चालेल अशी तीनचाकी गाडी तयार केली. १९७० मध्ये ती बाजारात आली. तिला सस्पेन्शन अजिबात नव्हतं. फुग्यासारखे मोठे टायर आणि त्यात अगदी कमी हवा, एवढ्यावर काम. टायरगाडीचंच तत्त्व, बैलांच्या जागी इंजिन.

सावकाश चालवली तर हे ठीक होतं. पण माणसाच्या हातात इंजिन आलं की तो शर्यत लावणारच. वेगात फुगा नुसता दाबला जात नाही, तो उसळतो. स्प्रिंग असो की हवा, दोन्ही ऊर्जा साठवतात आणि परत फेकतात. ती ऊर्जा कुठेतरी संपवावी लागते, आणि ते काम डँपरचं. तेल बारीक छिद्रातून ढकलायचं, तेल तापतं, उसळी मरते. शॉकअपमधली स्प्रिंग बाहेरून दिसते, पण खरी अक्कल आतल्या तेलात असते.

ही अक्कल आली मोटोक्रॉसमधून. बेल्जियमच्या लुसियाँ टिल्केन्स या इंजिनिअरने मागच्या दोन शॉकअपऐवजी एकच लांब शॉकअप सीटखाली बसवायची कल्पना मांडली. यामाहाने ती उचलली, आणि १९७३ मध्ये हाकन अँडरसनने तशा गाडीवर २५० सीसीचं जागतिक विजेतेपद जिंकलं. मग होंडा, कावासाकी, सुझुकी यांनी शॉकअप आणि चिमटा (मॅन्युअलमधला 'स्विंगआर्म') यांच्यामध्ये छोटे दांडे घालून आपापली लिंकेज बनवली. चाक सुरुवातीला थोडं दबतं तेव्हा मागचं टोक मऊ; जसजसं जास्त दबेल तसतसं कडक. लहान खड्ड्याला नरम आणि उडीनंतरच्या आदळण्याला ताठ, असं एकाच शॉकअपमध्ये जमलं.

१९८१ मध्ये होंडाच्या एटीसी २५० आर या तीनचाकीला पुढे-मागे सस्पेन्शन आलं. वेग वाढला, अपघातही वाढले. तीनचाकीचा स्वभाव मुळातच अवघड. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट, मधे डिफरेन्शियल नाही. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरायला हवं, पण ते आतल्याशी जखडलेलं. म्हणून चालवणाऱ्याने अंग टाकून आतलं चाक हलकं करायचं, घसरवत वळायचं. हे न समजलेला माणूस, त्यातही लहान मूल, उलटायचा. शेवटी १९८८ मध्ये अमेरिकन सरकार आणि कंपन्या यांच्यात न्यायालयीन तडजोड झाली आणि नव्या तीनचाकींची तिथली विक्री थांबली. तोवर चौथं चाक आलेलं होतं: सुझुकीची पहिली क्वाड १९८२ ची, शर्यतीची एलटी २५० आर १९८५ ची, होंडाची टीआरएक्स २५० आर १९८६ ची.

एक आस की दोन स्वतंत्र चाकं?

इथे कुठलीही टीम अडते. मागची दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारी ठेवायची की एका आसावर? शेतीकामाच्या, जंगलातल्या क्वाडला स्वतंत्र चाकं बरी. एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं जमीन धरून राहतं, पोटाखाली जागा मिळते. शर्यतीच्या क्वाडमध्ये मात्र चार दशकं झाली तरी चिमटा, आख्खी आस, चेन आणि एक शॉकअप हीच मांडणी टिकून आहे. हलकी, साधी, मार खाणारी, आणि वळणावर मागचं टोक दोन्ही चाकांवर एकदम, अंदाजाबरहुकूम घसरतं. आसाची गंमत म्हणजे ती गो-कार्टमध्येही आहे. कोल्हापूरजवळच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. त्या कार्टना आख्खी आस असते आणि सस्पेन्शन नसतंच. वाकण्याचं काम चेसिस करते.

आपल्याकडच्या पोरांना हा प्रश्न कागदावरून मातीत नेण्याची संधी २००७ पासून मिळाली. त्या वर्षी पिथमपूरला बाहा एसएई इंडिया सुरू झाली. मूळ स्पर्धा १९७६ ची, साउथ कॅरोलिना विद्यापीठातली. ती क्वाडची नाही, एका माणसाच्या बग्गीची आहे. पण नियम शहाणा आहे. इंजिन सगळ्यांना सारखंच, छोटं. ताकदीने जिंकता येत नाही, म्हणून जिंकायचं ते वजन आणि सस्पेन्शन यांवर. कोल्हापूर पट्ट्यात फाउंड्री, टर्नर, वेल्डर हाकेच्या अंतरावर. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत बुश टर्न करून घेणं आम्हाला चहा पिण्याइतकं सोपं होतं. हे सुख पुण्या-मुंबईच्या पोरांनाही सहज मिळत नाही.

सेटिंग: आधी माणूस, मग स्प्रिंग

माझ्या मित्राची एक जुनी क्वाड कागलजवळच्या शेतात आहे. तिच्या मागच्या टोकाला हात लावताना मी हा क्रम पाळतो.

पहिली टायरची हवा. क्वाडच्या टायरमध्ये ती चार-सहा पीएसआयच्या घरात असते. कारसारखी भरली तर पुढचं सगळं मोजमाप खोटं.

मग सॅग, म्हणजे गाडी माणसाच्या वजनाने किती बसते ते. मागची चाकं अधांतरी होईपर्यंत गाडी उचलायची, आसापासून सीटमागच्या एका खुणेपर्यंत टेप लावायची. मग हेल्मेट-बुटांसकट माणूस बसवायचा, पुन्हा मोजायचं. फरक एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश यावा. यामाहाच्या वायएफझेड ४५० आर ला मागे सुमारे २८ सेंटीमीटर हालचाल आहे. म्हणजे सॅग नऊच्या आसपास. जास्त बसली तर प्रीलोडची चकती पान्याने आवळायची. पण चकती आवळून स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर उचलली जाते. बरीच आवळूनही सॅग येत नसेल तर स्प्रिंगच बदलायची. वजनदार माणसासाठी बसवलेल्या स्प्रिंगवर साठ किलोचा पोरगा बसला की गाडी त्याला ओळखतच नाही.

स्प्रिंग निवडताना एक गणित लक्षात ठेवायचं. चाक दोन इंच हललं आणि शॉकअप एकच इंच दबला, तर चाकाला जाणवणारा कडकपणा निम्मा होत नाही, चौथाई होतो. गुणोत्तराचा वर्ग लागतो.

त्यानंतर रिबाउंड, दबलेला शॉकअप परत किती वेगाने उघडतो ते. फार झटपट उघडला तर मागचं टोक लाथ मारतं. फार सावकाश उघडला तर ओळीने खड्डे आल्यावर तो पुरता उघडायच्या आतच पुढचा खड्डा येतो. गाडी बसत बसत जाते आणि शेवटी दगडासारखी आदळते. सर्वांत शेवटी कॉम्प्रेशन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन क्लिक, तोच चक्कर, वहीत नोंद. माझ्या पोटापाण्याच्या धंद्यातही बग असाच सापडतो.

या सगळ्या क्रमात सुरुवात माणसाच्या वजनापासून होते. यंत्र त्याच्या अंगाला बेतलं जातं.

उरलेले वाटेकरी

आनंद यादव कागलचे. त्यांच्या 'गोतावळा' या १९७१ च्या कादंबरीत मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि जनावरांचं जग मोडतं. बैलाच्या मानेवरचा भार उतरला हे खरं. जिथे बैल उरला, त्या शर्यतीच्या छकड्यावरून २०१४ च्या बंदीपासून २०२३ च्या घटनापीठाच्या निकालापर्यंत देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. बैलाला किती त्रास होतो, हे न्यायालयात मोजलं गेलं. ते व्हायलाच हवं होतं.

पण ट्रॅक्टरच्या मागच्या आसाकडे एकदा वाकून बघा. शेतावरच्या नेहमीच्या ट्रॅक्टरचं आसाचं घर गिअरबॉक्सला थेट बोल्ट केलेलं असतं. मागे ना पाटे, ना शॉकअप. मोठा टायर, त्यातली हवा, आणि सीटखाली एक स्प्रिंग. १९७० ची तीनचाकी आणि आजचा ट्रॅक्टर या बाबतीत भावंडं आहेत. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या लावून रात्रभर ऊस ओढणारा ड्रायव्हर त्या एका स्प्रिंगवर बसलेला असतो. दिवसाला बारा-चौदा तास, चार-पाच महिने.

शर्यतीत वीस मिनिटं चालणाऱ्या गाडीला २८ सेंटीमीटर हालचाल, तेल, दांडे, क्लिक. ते ज्ञान गुप्त नाही, पन्नास वर्षं जुनं आहे, आणि त्यातले बरेच भाग आमच्या एमआयडीसीत बनू शकतात. ट्रॅक्टरच्या सीटखाली चांगला, वजनाप्रमाणे जुळवता येणारा शॉकअप बसवणं हे रॉकेट सोडण्याइतकं अवघड काम नाही. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने प्रश्न कधीच सुटलेला आहे. उरलेला प्रश्न तोच, जो लाकडी साटीवर बसलेल्या गाडीवानाच्या वेळी होता: त्याची कंबर कुणाच्या हिशेबात धरली आहे?