कागदावरचं नाव आणि खोलीची किल्ली

गिरगावातल्या चाळीतल्या एकाच खोलीला गेल्या पाऊणशे वर्षांत कागदोपत्री किती नावं मिळाली, हे पाहिलं तरी मुंबईच्या भाडे कायद्याचा इतिहास आपल्याला कळतो. १९४७च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली आणि पागडी घेणं गुन्हा ठरवलं. पागडी बंद झाली का? छे! ती फक्त पावतीवर दिसेनाशी झाली.

मग मालकांनी 'भाडेकरू' हा शब्दच कागदावरून काढला. 'लिव्ह अँड लायसन्स' आलं. अकरा महिन्यांची नुसती परवानगी, आणि भाड्याऐवजी 'कॉम्पेन्सेशन'. इथे एक भेद लक्षात घेऊ. बनावट कागदावर सही खोटी असते. दिखाऊ करारात सही खरी असते, व्यवहार खोटा असतो. म्हणून तो पकडणं अवघड.

न्यायालयं तो कसा पकडतात? १९५९ साली दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलातल्या केशकर्तनाच्या जागेचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. दस्तावर 'लायसन्स' लिहिलेलं. न्या. सुब्बाराव यांनी कसोटी मांडली ती अशी: शब्द नव्हे, सार पाहा, दोघांचा खरा हेतू काय होता आणि जागेचा अनन्य ताबा कोणाकडे होता, ते पाहा. म्हणजे आपल्या भाषेत, किल्ली कोणाकडे? मालक वाटेल तेव्हा आत येऊ शकतो का? लॉर्ड टेम्पलमन यांनी १९८५ साली इंग्लंडात हेच गमतीने सांगितलं: पाच दात्यांचं अवजार घडवून त्याला फावडं म्हटलं, तरी तो काटाच.

पण लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही ना? २०२४पर्यंत लागू असलेल्या पुरावा कायद्याचं कलम ९२ तसंच म्हणत असे. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने खुलासा केला: दस्तातल्या अटी बदलायच्या असतील तर बंदी, तो दस्त अमलात आणायचाच नव्हता, खरा व्यवहार वेगळाच होता, हे सांगायला बंदी नाही.

आमच्या मते सगळ्यात बोलकं वर्ष १९७३. त्या साली १ फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना कायद्याने भाडेकरू केलं. मात्र वगळले कोण? पेइंग गेस्ट, एकत्र राहणारे कुटुंबीय, मालकाचे नोकर आणि मालकाचा चालू धंदा चालवणारे. झालं! अपवादांची यादीच पुढच्या दिखाऊ करारांची यादी बनली. दादरला स्वतंत्र चूल मांडलेलं बिऱ्हाड 'पेइंग गेस्ट' झालं, लालबागचं दुकान 'कंडक्टिंग'वर गेलं. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात मग प्रश्न असे, की हिशेबाच्या वह्या कोणाच्या, परवाना कोणाच्या नावावर, नफातोटा कोणाचा. की मालकाला दरमहा ठरलेली रक्कमच मिळते?

१९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याने पागडी कायदेशीर केली, आणि कलम २४मध्ये लायसन्सच्या लेखी करारातला मजकूर हाच निर्णायक पुरावा ठरवला. म्हणजे मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेला, की किल्लीचा प्रश्न फारसा उरतच नाही. घरं भाड्याने बाहेर यावीत हा हेतू समजण्यासारखा आहे. पण सार पाहण्याची चाळीस वर्षांची सवय त्या कोपऱ्यात तरी मोडली. उलट कलम ५५ सांगतं, करार लेखी आणि नोंदलेला नसेल, तर मालकाने वेगळं सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य. त्यामुळे परळला आज खोली घेणारा सही करताना वाचत नाही, तो मजकूर पुढे त्याच्याविरुद्ध बोलतो. आणि नोंदणीचा खर्च वाचवणारा मालक त्याच्यापेक्षा जास्त अडकतो.