स्वेनबोर्ग : अंतर मोजणारे गाव

डेन्मार्कच्या फ्यून बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वेनबोर्ग हे लहानसे बंदर आहे. हा देश सपाट म्हणून ओळखला जातो. इथल्या गल्ल्या मात्र चढउताराच्या आहेत. बाजारपेठेतून उतरती वाट धरली की खाली अरुंद सामुद्रधुनी लागते आणि पलीकडे टोसिंगे व थुरो ही बेटे दिसतात. १२५३ साली या गावाला व्यापारी नगराची सनद मिळाली. पुढे लाकडी जहाजांच्या बांधणीसाठी ते ओळखले जाऊ लागले. योहानेस योर्गेनसेन हा डॅनिश कवी १८६६ साली इथेच जन्मला. तरीही जगभरच्या वाचकांना या गावाचे नाव ठाऊक झाले ते एका परक्यामुळे.

राइशस्टागला आग लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९३३ रोजी, बेर्टोल्ट ब्रेख्तने जर्मनी सोडली. कारिन मिकाएलिस या डॅनिश लेखिकेने त्याच्या कुटुंबाला थुरो बेटावर आसरा दिला. त्याच वर्षी त्याने गावाच्या पश्चिमेस, स्कोव्सबोस्ट्रान येथे, पाण्यालगतचे गवताने शाकारलेले एक घर घेतले. पत्नी हेलेने वायगेल, दोन मुले आणि सहकारी मार्गारेट श्टेफिन यांच्या सोबतीने पुढची पाचसहा वर्षे त्याने इथे काढली. १९३५ साली त्याचे जर्मन नागरिकत्व काढून घेण्यात आले.

ही जागा दूरची वाटते, पण ती दूर नव्हती. जर्मनीचा किनारा इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. निर्वासन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महासागर येतो. ब्रेख्तचे निर्वासन मात्र जवळ थांबून पाहण्याचे होते. 'तिसऱ्या राइशमधील भय आणि दैन्य' हे नाटक त्याने याच वर्षांत लिहिले आणि १९३८ च्या नोव्हेंबरात 'गॅलिलिओ'चा पहिला खर्डा हातावेगळा केला. सत्तेपुढे सत्य सांगावे की जगून ते पुढे पोचवावे, हा त्या नाटकातला पेच लिहिणाऱ्याच्या उंबरठ्याशीच उभा होता.

१९३४, १९३६ आणि १९३८ अशा तीन उन्हाळ्यांत वाल्टर बेन्यामिन पॅरिसहून इथे आला. आपल्या ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग त्याने या घरी ठेवला होता. झाडाखाली बुद्धिबळ खेळणाऱ्या या दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. ब्रेख्तच्या खोलीतील एक लाकडी गाढव बेन्यामिनने आपल्या टिपणांत नोंदवले आहे. आपल्यालाही हे समजले पाहिजे, अशा अर्थाची पाटी त्याच्या गळ्यात होती.

आपल्या वर्गांतून ब्रेख्त शिकवला जातो तो मुख्यतः 'दूरीकरणा'चा सिद्धान्तकार म्हणून. १९३५ साली मॉस्कोत मेइ लानफांग या चिनी नटाचा अभिनय पाहिल्यानंतर, याच डॅनिश वर्षांत, त्याने या संकल्पनेची मांडणी केली, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. स्थळाने सिद्धान्त घडवला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण परिचिताकडे अपरिचित म्हणून पाहा, असे सांगणारा लेखक तेव्हा स्वतःच्या भाषेकडे आणि देशाकडे सामुद्रधुनीच्या काठावरून पाहत होता, हे विसरले की उरते ते केवळ तंत्र.

मराठी रंगभूमीशी त्याचा परिचय प्रामुख्याने 'अजब न्याय वर्तुळाचा' आणि 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) या रूपांतरांतून झाला. यांतल्या दुसऱ्याचे मूळ नाटक १९२८ च्या बर्लिनमधले, तर पहिल्याचे अमेरिकेतल्या वास्तव्यातले. म्हणजे आपल्याला ठाऊक आहे तो स्वेनबोर्गच्या आधीचा आणि नंतरचा ब्रेख्त. मधली वाट पाहण्याची वर्षे आपल्या वाचनातून निसटली आहेत.

१९३९ च्या एप्रिलमध्ये तो स्वीडनला गेला. त्याच वर्षी निघालेल्या कवितासंग्रहाच्या शीर्षकात, सोडून दिलेल्या या गावाचे नाव होते. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बेन्यामिनने स्पेनच्या सीमेवर जीवन संपवले. १९४१ च्या जूनमध्ये श्टेफिन मॉस्कोत क्षयाने वारली.

ते घर आज लेखक-कलावंतांच्या निवासासाठी राखलेले आहे. त्याच्यासमोर पाणी फार रुंद नाही. पलीकडचा काठ स्पष्ट दिसतो. ब्रेख्तने आपल्या संग्रहाला या गावाचे नाव का दिले, हे तिथे उभे राहिल्यावर कदाचित कळेल. मुक्काम म्हणून नव्हे, तर कुठून पाहिले याची नोंद म्हणून.