मैदान, नाका आणि डफ

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या उच्च न्यायालयाने लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवसापासून शहरातील कापड गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. हा बंद सहा दिवस चालला. शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस, असा त्यामागचा हिशेब होता. रस्त्यांवर लष्कर उतरले, गोळीबार झाला, माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळी गिरणी कामगारांची तोलामोलाची अशी संघटना नव्हती. त्यांच्यापैकी बहुतेकांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते. मग हजारो माणसांनी एकच हिशेब केला तो कसा? एका गल्लीचा शब्द दुसऱ्या गल्लीत कोणी नेला?

या प्रश्नाचे उत्तर पुढाऱ्यांच्या चरित्रांत शोधून पुरेसे सापडत नाही. ते आम्हांला गिरणगावच्या रचनेत सापडते. माणसे कोठे राहत होती, कोठे जेवत होती, संध्याकाळी कोठे उभी राहत होती, हे पाहिले म्हणजे तो संप कसा घडला याचा उलगडा होऊ लागतो. पुढच्या नव्वद वर्षांत या भागाने जे पोवाडे, लोकनाट्ये, कविता आणि नाटके महाराष्ट्राला दिली, त्यांचा उगमही त्याच जागांपाशी आहे. शहरातील असंतोषाला आणि शहरातील गाण्याला एकच अंगण लागते, असे आमचे मत आहे. ते अंगण गेले म्हणजे काय होते, हेही याच गिरणगावाने दाखविले आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढे भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, वरळी असा गिरण्यांचा पट्टाच उभा राहिला. रत्नागिरीहून आणि साताऱ्याच्या घाटावरून माणसे आली. भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर राहणे त्यांना भाग होते, कारण उशिरा पोहोचलेल्याचा खाडा मांडला जाई. म्हणून गिरण्यांच्या भिंतींना लागून चाळी वाढल्या. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारला दाटीची जाग आली. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ बी.डी.डी. चाळी बांधण्यात आल्या. एका खोलीत एक कुटुंब, किंवा गावाकडचे दहा-बारा पुरुष पाळीपाळीने झोपणारे. अशा खोलीत माणूस रात्रीपुरता मावतो. उरलेले आयुष्य ओट्यावर, गल्लीत आणि नाक्यावर जाते.

या नाक्याला मोठे महत्त्व होते. गिरणीत माणूस लावून देणारा जॉबर तेथेच भेटे. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात उभा राही आणि काम मिळाले नाही की नाक्यावर परते. ज्याला अक्षरओळख होती तो वर्तमानपत्र मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. खानावळ चालविणारी बाई एकट्या पुरुषांना महिन्याच्या उधारीवर जेवू घाली. संपाच्या काळात तिची उधारी लांबली तरच संपही लांबे. इतिहासाच्या पुस्तकांत या बायांना जागा मिळाली नाही. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना एकत्र आणले, तेव्हा कोठे त्यांच्या कष्टांची दखल घेतली गेली. १९०८ चा शब्द एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेला तो अशाच ओट्यांवरून आणि खानावळींमधून गेला असला पाहिजे.

त्याआधीची एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरविली आणि आठवड्याला एक सुटी मागितली. ती मिळायला सहा वर्षे लागली. १० जून १८९० पासून रविवारची सुटी मान्य झाली. पुढच्या वर्षी, १८९१ मध्ये, नव्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटी आली. त्याच वर्षी तेरावे लिओ यांचे श्रमिकांच्या हक्कांविषयीचे 'रेरुम नोवारुम' हे विश्वपत्र प्रसिद्ध झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी प्रत्यक्ष संबंध नव्हता, पण प्रश्न एकच होता. रविवारी घंटा वाजली की आपण निःशंकपणे मंदिराची वाट धरतो. त्या मोकळ्या दिवसासाठी परळच्या सभेत उभ्या राहिलेल्या, अंगावर कापसाचे तंतू चिकटलेल्या माणसांचे ऋण आपल्यावर आहे.

१९२८ साली गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. तो एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे सहा महिने चालला आणि त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन जन्मली. परंतु या एकजुटीच्या आत एक भेग होती, ती झाकून ठेवणे बरोबर नाही. साचेखात्यात मजुरी अधिक होती. तेथे धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न संपाच्या काळातच पुढाऱ्यांसमोर ठेवला. मैदानावर सर्वांना 'बंधू' म्हणणारी भाषा साच्यापाशी पोहोचत नव्हती. तरीही मैदानाचा उपयोग होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हा बाबासाहेब आणि साम्यवादी पुढारी परळच्या कामगार मैदानावर एका व्यासपीठावर आले. गिरणीच्या आत जे जमले नव्हते, ते मोकळ्या जागेत निदान एका दिवसापुरते घडले.

मोकळ्या जागेला आवाज लागतो. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊ सांगली भागातील वाटेगावचे. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव महबूब हुसेन पटेल. गावाकडून येताना या माणसांनी पोवाडा, लावणी आणि तमाशातील वग आणला होता, आणि तो त्यांनी चाळीच्या चौकात उभा केला. पोवाडा बंद दालनासाठी रचलेला नसतो. डफाची थाप आणि शाहिराचा चढा सूर ध्वनिवर्धकाशिवायही शेवटच्या माणसापर्यंत पोहोचले पाहिजेत, जीलकऱ्यांनी ओढलेली ओळ गर्दीने उचलली पाहिजे, अशीच त्याची घडण आहे. चार बाकडी जोडली की रंगमंच तयार होई. तिकीट नाही, पडदा नाही. वरच्या मजल्यांच्या कठड्यांवरून बायका-मुले पाहत. अण्णाभाऊंच्या 'माझी मुंबई' या लोकनाट्याला असा श्रोता मिळाला नसता, तर ते तसे लिहिलेच गेले नसते.

हा आवाज गिरणगावाच्या सीमेबाहेर गेला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. शहराचा नकाशा पाहिला म्हणजे त्या लढ्याचे स्वरूप समजते. कष्टकरी उत्तरेला परळ-लालबागेत राहत होता. सत्ता, न्याय आणि पैसा दक्षिणेला कोटात होता. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मोर्चे दक्षिणेकडे निघाले आणि फ्लोरा फाउंटनपाशी त्यांच्यावर गोळीबार झाला. त्या दिवशी १५ जण ठार झाले. लढा संपेपर्यंत हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले आणि त्या चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळाले. ज्या जागेवर येण्यास लोकांना बंदी होती, तिचे नावच त्यांनी बदलून टाकले.

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. गल्ली आणि चाळ माणसे जोडतात हे जितके खरे, तितकेच त्या माणसांत कुंपणे घालतात हेही खरे. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत सवर्ण आणि दलित यांच्यात दंगल पेटली, तेव्हा एका चाळीतून दुसऱ्या चाळीवर दगड आले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शहरात जे घडले त्यात, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार, ९०० माणसे मारली गेली. घराघरांवर कोणाची वस्ती कोठे आहे याची माहिती, जी एकेकाळी संपाच्या वर्गणीसाठी उपयोगी पडली होती, ती आता मारेकऱ्यांच्या उपयोगी पडली. जागा स्वतः सज्जन किंवा दुर्जन नसते. तिच्यात कोणता शब्द उच्चारला जातो, यावर सारे अवलंबून असते. दंगलींनी भरलेल्या १८९३ सालात सलोख्यासाठी फिरणारे लोखंडे हेच जाणत होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगार, बोनस आणि बदली कामगारांची कायमस्वरूपी नेमणूक या मागण्या होत्या. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला दिलेली मक्तेदारी हेही मोठे कारण होते. वर्ष उलटले, तरी संप चालूच होता. ज्यांच्याकडे गावी थोडी जमीन होती ते गावी गेले. नाके रिकामे होऊ लागले. बायकांनी दागिने मोडले, भांडी विकली, धुणीभांडी धरली. संप अधिकृतपणे कधीही मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला, आणि त्याच्याबरोबर गिरण्याही.

त्यानंतरची लढाई जमिनीची होती. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर होती. १९९१ च्या विकास नियमावलीने ती विकसित करताना एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकांना, अशी वाटणी सुचविली. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित आराखडा मांडला. सुट्या सुट्या गिरण्यांऐवजी सलग मोकळी जागा आणि चालण्याचे रस्ते मिळावेत, असा त्याचा रोख होता. तो अमलात आला नाही. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. लोकांच्या वाट्याला यायचे मैदान कागदावरच आक्रसले आणि भोंग्यांच्या जागी वातानुकूलित बाजार आले. कामगारांच्या घरांची सोडत निघाली, पण घरे हजारांत आणि अर्ज लाखाच्या वर.

या सर्व काळात गाण्याचे काय झाले? १९९७ च्या जानेवारीत डॉ. सामंत यांची हत्या झाली. त्याच वर्षी जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक रंगभूमीवर आले. संपानंतर मोडत गेलेल्या गिरणगावातील एका कुटुंबाची ही कथा. ती घडते चाळीच्या एका खोलीत. आम्हांला हा फरक फार बोलका वाटतो. पन्नास वर्षांपूर्वी या वस्तीची व्यथा मैदानावर डफ वाजवीत उभी होती. आता ती चार भिंतींच्या आत आली होती आणि तिला पाहण्यासाठी तिकीट काढून नाट्यगृहात जावे लागत होते. नाटक थोर आहे. पण ज्या अंगणात आई, मुलगा आणि शेजारी मिळून आपले दुःख मोठ्याने म्हणू शकत होते, ते अंगण त्या नाटकात नाही. नाटककाराने ते गाळले असे नाही. ते उरलेच नव्हते.

एक गोष्ट मात्र उरली. १९३२ मध्ये लालबागेतील पेरू चाळीचा बाजार बंद झाला. उघड्यावर बसावे लागलेल्या कोळी बांधवांनी आणि विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ साली लालबागचा गणपती बसला. आज दूरदूरहून येणाऱ्या गर्दीला ठाऊक नसेल, पण त्या उत्सवाच्या मुळाशी बाजारासाठी मागितलेली चार हात जमीन आहे.

चार्ल्स कोरिया यांचे नाव वर आले. दादरचे पोर्तुगीज चर्च म्हणून आपण ज्या साल्व्हेशन चर्चला जातो, ते सत्तरच्या दशकात त्यांनीच नव्याने रचले. त्यात एकामागून एक उघडी अंगणे आहेत. मिस्सा संपल्यावर माणसे लगेच पांगू नयेत, थोडी उभी राहावीत, बोलावीत, अशी ती जागा आहे. तोच वास्तुविशारद पुढे गिरणगावासाठीही मोकळी जागा मागत होता. आपल्याला ती मिळाली, गिरणगावाला मिळाली नाही.

म्हणून आमची वाचकांना एक विनंती आहे. आपल्या धर्मग्रामात गिरणीत काम केलेले, संप पाहिलेले, नाक्यावर उभे राहिलेले वृद्ध स्त्री-पुरुष अजून आहेत. मिस्सेनंतर अंगणात त्यांच्याजवळ थोडे थांबावे. कोणत्या गिरणीत होता, कोणत्या खात्यात होता, संपात घर कसे चालले, हे विचारावे. त्यांना एखाद्या पोवाड्याची ओळ आठवली तर ती म्हणू द्यावी आणि घरी जाऊन लिहून ठेवावी. तेवढे करायला आपल्याजवळ अजून अंगण आहे.