दहा मतांनीं टळलेलें विलीनीकरण

ता. ३० जून १८७० रोजीं वॉशिंग्टन येथील सीनेटमध्यें एका तहावर मतें मोजलीं गेलीं. बाजूनें २८, विरुद्ध २८. मंजुरीस दोन-तृतीयांश मतें लागत. विरोधकांपैकीं १० जण वळते, तर कॅरिबियन समुद्रांतील डोमिनिकन प्रजासत्ताक हें छोटें स्पॅनिशभाषी राष्ट्र अमेरिकेच्या राज्यांत गेलें असतें.

हें राष्ट्र १८४४ सालीं हैतीपासून स्वतंत्र झालें. १८६१ मध्यें त्याच्याच अध्यक्षानें, सांतानानें, तें पुन्हां स्पेनच्या पदरांत टाकलें. १८६३ मध्यें लोकांनीं शस्त्र उचललें, आणि तापानें व लढाईनें जर्जर झालेल्या स्पॅनिश फौजा १८६५ त परत गेल्या. इतकें रक्त सांडून मिळविलेलें राज्य चारच वर्षांनीं दुसरा अध्यक्ष बाएस १५ लाख डॉलरांस देऊं निघाला! तिजोरी रिकामी झाली कीं अशा राज्यकर्त्यांस दुसरी युक्ति सुचत नाहीं. सार्वमतही झालें, बाजूनें पंधरा हजारांहून अधिक, विरुद्ध अवघीं ११. नुकतेंच स्वातंत्र्ययुद्ध लढलेल्या देशांत विरोधी माणसें अकराच निघावींत, यावर कोणाचा विश्वास बसेल?

तह मंजूर होता तर? गुलामगिरींतून सुटलेल्या अमेरिकेंतील काळ्या नागरिकांस तेथें आश्रय मिळेल, हें अध्यक्ष ग्रँट याचें स्वप्न. १८८५ सालीं मृत्यु जवळ आला असतां लिहिलेल्या आठवणींतही त्यानें तें सोडलें नाहीं. स्वतः गुलामगिरींतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचा त्यास पाठिंबा होता. उलट काळ्यांचा कैवारी सीनेटर समनर कडाडून विरुद्ध गेला. शेजारच्या हैतीवरही गदा येईल, ही त्याची भीति. दोघेही सच्चे. मात्र विरोधकांतील पुष्कळांस मिश्रवर्णी प्रजा नको होती, इतकेंच.

स्वप्नापेक्षां अधिक संभवनीय चित्र जवळच्याच प्वेर्तो रिकोंत दिसतें. १८९८ मध्यें अमेरिकेकडे गेलेल्या त्या बेटास घटक राज्याचा दर्जा मिळाला नाहीं, व तेथील शाळांतून इंग्रजी लादण्याचा खटाटोप १९४९ पर्यंत कमीअधिक चालला.

शिवाय लुपेरोन होता. स्पेनशीं लढलेला हा सेनानी १८६९ तच एक आगबोट घेऊन बाएसवर चालून गेला होता. ज्यांनीं स्वभाषेच्या व स्वधर्माच्या स्पॅनिश लोकांस घालविलें, ते इंग्रजी बोलणाऱ्या परक्यांपुढें शस्त्र खालीं ठेवते, हें संभवत नाहीं. १९१६ मध्यें अमेरिकन फौजा तेथें खरोखरीच उतरल्या. पूर्वेकडील गनिमांनीं कित्येक वर्षें त्यांस उंसाच्या मळ्यांतून व रानांतून हिंडविलें. १९२४ सालीं त्या परतल्या.