व्यापारचिन्ह दावे आणि टीकेचे स्वातंत्र्य

व्यापारचिन्ह दावे : नोंदणीकृत नाव, बोधचिन्ह किंवा वेष्टन दुसऱ्याने वापरल्याबद्दल मालकाने लावलेले दिवाणी दावे. मूळ हेतू नक्कल रोखण्याचा. गिऱ्हाइकाच्या हाती एकाच्या नावावर दुसऱ्याचा माल पडू नये, एवढाच. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम २९(४) ने मात्र ख्यातनाम चिन्हाच्या लौकिकाला बाधा आणणारा वापरही भंगात धरला आणि नक्कल करणाऱ्याच्या जोडीने टीका करणाराही कायद्याच्या टप्प्यात आला. त्याला वाचवणारे शब्द त्याच कलमात आहेत : वापर ‘व्यापाराच्या ओघात’ आणि ‘योग्य कारणाशिवाय’ झालेला असला पाहिजे. पुढचे सारे वाद या शब्दांभोवतीच फिरतात.

नागपूरच्या कळमना बाजारात लाल मिरचीचा लिलाव होतो, तेव्हा खरेदीदार ढिगात हात घालतो, मिरची मोडून पाहतो आणि ‘माल ओला हाये’ म्हणत भाव पाडतो. ढिगाला नोंदणीकृत नाव नसते, त्यामुळे चिन्हभंगाचा प्रश्नच येत नाही. तीच मिरची दळून नावाच्या पुडीत गेली आणि कोणी कॅमेऱ्यासमोर पुडी धरून तिला नावे ठेवली, तर नोटीस येऊ शकते. कंपनी मुंबईची असेल तर कलम १३४ च्या आधारे दावाही मुंबईत लागू शकतो; मग नागपूरकराने तारखेसाठी आठशे किलोमीटर जायचे.

टीकाकाराच्या बाजूचा महत्त्वाचा निर्णय ‘टाटा सन्स विरुद्ध ग्रीनपीस’ (दिल्ली उच्च न्यायालय, २८ जानेवारी २०११). ओडिशातील, तेव्हा टाटांची भागीदारी असलेल्या धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका असल्याचे सांगण्यासाठी ग्रीनपीसने पॅकमॅनच्या धर्तीवर संगणकीय खेळ काढला. त्यात कासवांच्या मागे टाटांचे बोधचिन्ह लागते. टाटांनी १० कोटी रुपयांची भरपाई आणि अंतरिम मनाई मागितली. न्या. एस. रवींद्र भट यांनी मनाई नाकारली : टीकेचा विषय म्हणून चिन्ह दाखवणे म्हणजे भंग नव्हे. याच समूहातील टाटा प्रेसने १९९५ मध्ये मुंबईच्या ‘यलो पेजेस’वरून महानगर टेलिफोन निगमशी लढून, जाहिरातही अनुच्छेद १९(१)(क) खालची अभिव्यक्तीच आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मिळवला होता, हे इथे आठवावे.

मुंबई उच्च न्यायालयातील ‘मॅरिको’ प्रकरणाने वेगळे वळण घेतले. एका यूट्यूबरने २०१८ मध्ये पॅराशूट खोबरेल तेलाच्या शुद्धतेविषयी शंका घेणारी चित्रफीत टाकली. १५ जानेवारी २०२० रोजी न्या. काथावाला यांनी ती काढून टाकण्याचा अंतरिम आदेश दिला. प्रभाव असलेल्या व्यक्तीची जबाबदारी सामान्य माणसाहून जास्त, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच महिन्यात खंडपीठाने काही भाग वगळून चित्रफीत पुन्हा दाखवू दिली. खोट्या विधानाला संरक्षण नसावे, हे मान्यच. पण बोलणाऱ्याला पैसे मिळतात म्हणून त्याचे बोलणे व्यापारी ठरवायचे, तर जाहिरातींवर चालणारे एकही मराठी दैनिक सुटणार नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने ‘लाफ इट ऑफ’ खटल्यात (२००५) बिअरच्या चिन्हाचे विडंबन करणारे टी-शर्ट विकू दिले. ते विकले जात होते, तरीही प्रत्यक्ष आर्थिक हानीची शक्यता सिद्ध करण्याचा भार कंपनीवरच टाकला. भारतात इतका स्पष्ट निकष अद्याप रुळलेला नाही.

बहुतेक टीकाकारांची गाठ अंतिम निकालाशी पडतच नाही. वकिलाची नोटीस आली की मजकूर उतरवला जातो. त्यातून निभावले तर अंतरिम मनाई असते. निराधार धमकीविरुद्ध कलम १४२ खाली उलट दावा लावता येतो. मात्र नोंदणीकृत मालकाने खरोखरच दावा दाखल करून तो तत्परतेने चालवला, की हे कलम लागू राहत नाही.